शंकेचा रकाना

गजर सहा वाजून पाच मिनिटांचा लावलेला असे आणि मालविका त्याच्या दोन मिनिटे आधी जागी होऊन तो बंद करीत असे. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारीही तिने तेच केले. किटलीत एका कपापुरते पाणी घातले, चहा होईपर्यंत कोबीची भाजी फोडणीला टाकली, कालच्या दोन पोळ्या तुपावर परतून चौकोनी डब्यात भरल्या. सहा पन्नासला दार ओढून घेतले आणि कुलूप लागल्याची, सवयीप्रमाणे, दोनदा खात्री केली. सात वाजून चार मिनिटांच्या बसमध्ये चाकांच्या बॅगा सांभाळत बसलेली म्हातारी जोडपी होती. साउथहॅम्प्टनला शुक्रवारी क्रूझ सुटते. वरच्या मजल्यावर डावीकडची जागा मिळाली. छपरांच्या मागून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या आणि त्यांच्याही वर डोके काढून एक पांढरेशुभ्र जहाज उभे होते. मालविकाने ते पाहिले, पण तिचे लक्ष घड्याळाकडे होते. बारा वाजायला पाच तास उरले होते.

बारा वाजता ‘सोलेंट हेरन्स’ या क्लबला आपल्या पंचेचाळीस खेळाडूंची यादी लीगकडे पाठवायची होती. नागपूरहून एडिनबराला संख्याशास्त्र शिकायला आलेली मालविका गेली दोन वर्षे या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी खेळाडूंची प्रतवारी करीत होती. चव्वेचाळीस नावे ठरली होती. उरलेल्या एका जागेसाठी दोन माणसे होती, आणि दोघेही ‘गार्ड’, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारे. एक कॅलम: वय बावीस, चपळ, उमदा. दुसरा वीर दाभाडे: वय बत्तीस, वजन एकशे सव्वीस किलो, जन्म लंडनच्या हॅरोचा. सात वर्षे तो या संघात होता. या वयाच्या गार्डला इथून काढले की दुसरा संघ विचारत नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

आदल्या दिवशीच्या बैठकीत तासभर वाद झाला होता. या भिंतीचे, म्हणजे ‘लाइन’चे, प्रशिक्षक गॅरेथ वीरसाठी हट्टाला पेटले होते. “तो लाइन बांधून ठेवतो,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ‘बांधून ठेवणे’ म्हणजे किती, असे संघाचा व्यवस्थापक परीक्षित याने विचारले, तेव्हा गॅरेथनी पुन्हा तेच वाक्य म्हटले. उत्तर मालविकाकडे होते. कॅलम शंभरात सहासष्ट, वीर अठ्ठावन्न. आकडे ऐकल्यावर वाद मिटला.

सात चाळीसला ती क्लबच्या फाटकातून आत शिरली, तो वीर समोरच उभा होता. हातात स्टीलचा डबा.

“ताई! आईने तुझ्यासाठी डब्बा दिली. थालीपीठ. आणि लोणी पण आहे.”

“वीर, तुला किती वेळा सांगितलंय, मी ऑफिसात घेत नाही. सुचेताकाकूंना नमस्कार सांग.”

“आई म्हणते, ही मुलगी काय पोलीस आहे का?” वीर हसला. मग जरा थांबून म्हणाला, “आज लिस्ट जाणार ना? तू काही सांगू नकोस. मी विचारत नाही. फक्त म्हटलं.”

“मी सांगणारही नव्हते.”

“येस. पोलीस.” डबा काखेत मारून तो जिमकडे गेला. त्याचा डावा पाय किंचित ओढल्यासारखा पडत होता.

टेबलाशी बसून मालविकाने तक्ता उघडला. यादी जाण्यापूर्वी एकदा सगळे रकाने चाळायचे, हा तिचाच नियम. तिची पद्धत सोपी होती. प्रत्येक डावाची चित्रफीत पाहायची. गार्डने आपला माणूस अडवला तर अधिक एक, निसटू दिला तर उणे एक. मात्र चूक नेमकी कोणाची हे कळत नसेल, तर ‘शंका’ या रकान्यात खूण करायची आणि गुण द्यायचाच नाही. शंकेचा फायदा खेळाडूला. शेवटी डावाच्या महत्त्वाप्रमाणे ही बेरीज शंभरात मांडायची.

तिने शंकेचा रकाना नावांनुसार लावला. कॅलम, एकोणीस खुणा. त्याच भिंतीतला मधला ‘सेंटर’, सव्वीस. उजव्या टोकाचा ‘टॅकल’, बत्तीस. वीर दाभाडे, शून्य.

तिने तक्ता पुन्हा लावून पाहिला. शून्यच. दोन हंगाम, साडेतेराशे डाव, पाच जणांची गर्दी, अंगावर अंग, आणि एकाही वेळी शंका नाही? आकड्यांच्या जगात असे शून्य आपोआप पडत नाही. ते कोणीतरी पाडावे लागते. आणि या तक्त्याला हात लावणारी ती एकटी होती.

कधीपासून, तेही तिला लगेच आठवले. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात सुचेताकाकूंचा पहिला डबा आला होता. व्हिडिओ विभागातला एक जण थालीपीठ तोडत म्हणाला, “आज वीरला पैकीच्या पैकी!” सगळे हसले; तीही हसली. त्या दिवसापासून तिने डबा घेणे बंद केले. आणि वीरला शंकेचा फायदा देणेही बंद केले, ते कोणालाच न सांगता, स्वतःलाही न सांगता. तिचे वडील नागपूरला गणित शिकवीत. मुलगी त्यांच्याच वर्गात होती, म्हणून तिच्या पेपरातून दोन मार्क ते ठरवून कमी करीत. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई: आपल्या माणसाला झुकते माप नाही. ते दोन मार्क कोणाचे होते, हे त्या घरात कोणी विचारले नाही. तिनेही नाही.

तिने वीरचे उणे गुण मोजले. एकसष्ट. लॅपटॉप बंद न करताच तिने तो छातीशी धरला आणि ती मैदानाकडे निघाली.

गॅरेथ सरावासाठी शंकू मांडत होते. कालचा राग त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता.

“मला तुमचे दोन तास हवेत,” ती म्हणाली. “वीरचे एकसष्ट डाव आहेत. आणि कॅलमचे सगळे उणे आणि शंकेचे. दोघांना एकच नियम.”

“काल का नाही?”

“काल मला माझी चूक माहीत नव्हती.”

गॅरेथनी हातातला शंकू खाली ठेवला.

ते दोघे खेळाच्या साहित्याच्या खोलीत बसले. चौथ्याच डावाला गॅरेथनी चित्र थांबवले. पडद्यावर वीर आपल्या समोरचा माणूस सोडून डावीकडे सरकला होता आणि त्या माणसाने मोकळ्या वाटेने येऊन क्वार्टरबॅकला आडवे केले होते. मालविकाने तिथे उणे एक दिला होता.

“इथे सेंटर ओरडलाय,” गॅरेथ म्हणाले. “ऐनवेळी डाव बदलला, सगळ्यांनी एक घर डावीकडे. वीरनं ऐकलं. शेजारच्यानं नाही ऐकलं. वीरनं बरोबर केलं, म्हणून तो उघडा पडला.”

“मला हे दिसलं नाही.”

“दिसणार कसं? चित्रफितीला आवाज नसतो, मालविका.”

“आवाज नाही म्हणूनच शंकेचा रकाना आहे,” ती हळू म्हणाली. “तो मी बाकी सगळ्यांसाठी वापरला.”

गॅरेथनी पुढचा डाव लावला. एकसष्टांपैकी तेवीस चुका वीरच्याच निघाल्या. त्यांतली एकही गॅरेथनी माफ केली नाही. उरलेल्या अडतीसांत कुठे दुसऱ्याची चूक होती, कुठे दुसऱ्याची चूक सावरायला वीर धावला होता. कॅलमच्या एकोणीस शंकांपैकी सात त्याच्या स्वतःच्या चुका ठरल्या; त्याचे काही उणे मात्र पुसले गेले. साडेदहाला तिने बेरीज केली. वीर एकाहत्तर. कॅलम पासष्ट.

परीक्षितच्या खोलीत भिंतीवरचा पांढरा फळा नावांच्या चुंबकी पट्ट्यांनी भरला होता. सर्वांत खाली कॅलमची पट्टी. टेबलावर करार संपवल्याच्या पत्राचे पाकीट, त्यावर वीरचे नाव. पन्नाशीचा परीक्षित हॅरोत वाढलेला, एके काळचा खेळाडू. मराठी तो हौसेने बोले, थोडे धडपडत.

“बस, बस. कॉफी?”

“नको. माझे आकडे चुकलेत. वीरचे. दोन्ही सीझनचे.”

“ओह, कम ऑन, मालविका. आज?”

तिने सगळे सांगितले. डबा, हसणे, शून्य. वडिलांचे दोन मार्कही सांगितले, कारण ते वगळले असते तर बाकीचे समजले नसते. परीक्षितने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुला कळतंय ना, हे कसं दिसेल? मी हॅरोचा, वीर हॅरोचा, तू नागपूरची. तीन मराठी लोक. मालक विचारतील, क्लब चालवताय की महाराष्ट्र मंडळ?”

“कसं दिसेल, याच भीतीनं मी चूक केली. आता तीच भीती तुम्ही मला परत देताय.”

“फेअर. पण ऐक. हा व्हॅल्यूचा प्रश्न आहे. व्हॅल्यू म्हणजे काय? मागचं नाही, पुढचं. कॅलम बावीस आहे. वीर बत्तीस. माझी गुडघा चौतीसला गेली, आय नो.”

“हा वाद खरा आहे. तो करा, गॅरेथशी करा. त्यात वीर हरला तर हरू दे. पण माझ्या खोट्या अठ्ठावन्नवर उभं राहून करू नका.”

परीक्षित उठून फळ्यापाशी गेला. “आणि समजा मी तुलाच विचारलं तर? डोन्ट हाइड बिहाइंड द शीट. तू काय म्हणतेस?”

हाच प्रश्न काल आला असता तर मालविका आकडा सांगून मोकळी झाली असती.

“आपला क्वार्टरबॅक वीस वर्षांचा आहे. शेजारचा टॅकल नवा आहे. दोघांनाही आवाज ऐकून हलणारा माणूस लागणार. अडतीसपैकी पंधरा डावांत वीरनं दुसऱ्याची चूक अंगावर घेतली आणि मला ते उणे दिसलं. पाच वर्षांनी कॅलम चांगला होईल, नक्की. पण संघ पाच वर्षं टिकायला यंदाचा क्वार्टरबॅक उभा राहायला हवा.”

“हे काल का नाही बोललीस?”

“काल माझ्याकडे आकडा होता.”

परीक्षित हसला नाही. “मालकांना कोण सांगणार? त्यांनी तुझ्या शीटवर विश्वास ठेवलाय. तुझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टला संपतंय. तुझा व्हिसा त्याच्यावर आहे.”

“मी सांगणार. माझ्या नावानं. आणि तुम्ही कोणाला ठेवलंत तरी ते पत्र जाणार.”

फोन उचलून त्याने गॅरेथना वर बोलावले, आणि मालविका आपल्या टेबलाशी परतली.

पत्र लिहायला तिला वीस मिनिटे लागली. पहिल्या मसुद्यात ‘पद्धतीतील त्रुटी’ असे शब्द आले होते. ते तिने खोडले. एका खेळाडूला मी दोन वर्षे वेगळा नियम लावला, तो खेळाडू वीर दाभाडे, आणि वेगळा नियम लावण्याचे कारण मी पक्षपाती दिसू नये हे होते, असे तिने सरळ लिहिले. सुधारलेले गुण जोडले. यापुढे प्रत्येक उणे गुण दुसऱ्या माणसाने, प्रशिक्षकासह, तपासावा, आणि वीरच्या डावांची प्रतवारी माझ्याकडे नसावी, अशी मागणी केली. पत्र पाठवायची नावे: मालक, परीक्षित, गॅरेथ, सगळे प्रशिक्षक. एक नाव घालताना बोट थांबले: व्हिडिओ विभाग. तेही तिने घातले. अकरा चाळीसला पत्र गेले.

अकरा पन्नासला परीक्षित स्वतः दारात आला. त्याच्या हातात ते पाकीट होते, आडवे फाडलेले. “वीर,” एवढेच तो म्हणाला. “गॅरेथ आणि मी दोघं मिळून. कॅलमला सराव संघात ठेवतोय. बाय द वे, मालकांनी तुझं पत्र वाचलंय. सोमवारी तुला भेटायचंय म्हणतात.”

“येईन.”

“घाबरलीस?”

“हो,” ती म्हणाली. “कॅलमला कोण सांगतंय?”

“मी. दुपारी.”

“आधी मला पाच मिनिटं द्या. त्याचा आकडा मी बदलला. का बदलला, ते त्याला माझ्याकडून कळू दे.”

परीक्षितने मान हलवली आणि यादी पाठवायला गेला.

जिन्यात वीर भेटला. त्याला अजून काहीच माहीत नव्हते. कपाळावर घाम, गळ्यात टॉवेल.

“ताई, डब्बा किचनमध्ये ठेवलीय. कोणी हात लावत नाही. घाबरतात, तिखट असेल म्हणून.”

“झाकण काढून मधल्या टेबलावर ठेव,” ती म्हणाली. “मग खातील सगळे.”

“आणि तू?”

“आधी एक काम आहे.”

खाली व्हिडिओच्या खोलीत कॅलम एकटाच बसला होता, कानात हेडफोन, पडद्यावर स्वतःचाच खेळ. मालविकाने दार वाजवले. तो उठू लागला तशी तिने हातानेच त्याला बसायला सांगितले, दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी ठेवली, आणि त्याच्या शंकेच्या त्या सात डावांपैकी पहिला लावला.