तुळजाबाईंना कसं वाटतं

गेनबांनी पहाटे उठून नाचणीची पेज केली, उपमा केला, डबा भरला. तुळजाबाईंनी त्यातलं जमेल तेवढं गिळलं आणि दोघं धायरीहून बसने हॉस्पिटलला निघाली. सिंहगड रस्त्यावर बस नेहमीसारखी अडकली. गेनबा उभ्या उभ्याच पेंगत होते. तुळजाबाईंनी खिडकीला डोकं टेकलं होतं.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दिवाळीआधीच झालं होतं. आता दर आठवड्याला केमो चालू होती. डॉक्टर विचारायचे, "कसं काय?" गेनबा म्हणायचे, "बरी हाय." तुळजाबाई मान हलवायच्या. तक्रार केली तर औषध बंद करतील, अशी त्यांना धास्ती होती.

त्या दिवशी सलाईन लावण्याआधी नीरजा नावाची मुलगी त्यांच्यापाशी येऊन बसली. ती हॉस्पिटलमध्येच कामाला होती.

"आजी, आजाराचा आणि औषधांचा तुमच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, तेवढं विचारायचंय. गेल्या आठवड्याबद्दल सांगा. अजिबात नाही, थोडं, बरंच किंवा खूप. तुम्ही जे सांगाल ते मी डॉक्टरांना दाखवणार."

"विचारा की," गेनबाच म्हणाले.

"चालताना दम लागतो?"

"न्हाई न्हाई. जिना चढती आपली आपन."

"आजोबा, हे आजींनाच सांगू द्या."

तुळजाबाईंनी गेनबांकडे पाहिलं, मग नीरजाकडे. "लागतो. बरंच म्हना."

"हातापायांना मुंग्या येतात? बधिर वाटतं?"

"खूप. बोटं माजी न्हाईतच असं वाटतं. पोलक्याची बटनं लागत न्हाईत. शेजारच्या जावेला हाक मारती."

"मला न्हाई सांगितलं," गेनबा म्हणाले.

"तुमी तवा सैपाकात आसता."

नीरजाने हातातल्या कागदावर खूण केली आणि पुढचं विचारलं. "जेवणाची चव लागते?"

तुळजाबाईंना एकदम थकल्यासारखं झालं. लपवायचाही कंटाळा आला. "न्हाई. समदं गंजक्या खिळ्यावानी लागतं. पेज बी, भाजी बी. सगळ्यात वंगाळ ते हेच. खूप."

गेनबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग ताट कशापायी संपवतीस?"

"तुमी पहाटं उठून करता. टाकू कसं?"

"आगं, तू संपवतीस म्हनून तर मी करतो! मला वाटलं, गोड लागतंय हिला." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "मीबी लई दमलोय गं."

एवढ्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. तुळजाबाईंनी हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. बोटांना कापड कळलं नाही, तरी हात तिथेच राहिला.

नीरजाने शेवटचं विचारलं, "एकंदर गेला आठवडा कसा गेला? एक म्हणजे फार वाईट, सात म्हणजे अगदी छान."

"असं कसं मोजायचं, बाई?"

"मनात येईल ते सांगा."

"दोन," तुळजाबाई म्हणाल्या. मग गेनबांकडे बघून म्हणाल्या, "तीन लिवा."

नीरजा आत जाऊन आली, आणि थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी तुळजाबाईंची बोटं एकेक दाबून पाहिली, डोळे मिटायला लावून कुठलं बोट धरलंय ते विचारलं. दोनदा तुळजाबाईंचं चुकलं.

"आज औषध नको. पुढच्या आठवड्यात कमी करून देऊ."

"बंद करताय का?" तुळजाबाईंनी घाबरून विचारलं.

"बंद नाही करत, आजी. पण हे असंच रेटलं तर बोटं कायमची बधिर राहतील. होतंय ते सांगत चला. आम्हाला बाहेरून दिसत नाही."

दोघं बाहेर येऊन पायरीवर बसली. भर दुपारी घरी जायला मिळणार होतं. सलाईन नाही, रात्रीची मळमळ नाही. आनंद व्हावा एवढंही बळ नव्हतं, पण छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

"काय खावंसं वाटतं?" गेनबांनी विचारलं.

"काय न्हाई. आंबट कायतरी. लिंबू."

त्यांनी कोपऱ्यावरून लिंबू-सरबत आणलं. तुळजाबाई अर्धं प्यायल्या आणि बाकीचं त्यांनी सरळ परत दिलं. "नको आता." गेनबांनी आग्रह केला नाही. उरलेलं स्वतःच पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंना नेहमीच्या वेळी जाग आली. घरात भांड्यांचा आवाज नव्हता. गेनबा शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. जावेने दार ढकलून विचारलं, "भाऊजी उठलं न्हाईत अजून?"

"झोपू दे त्यांना," तुळजाबाई हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा आडव्या झाल्या.