तोटीबाबाचं अधांतरी पाणी

जुन्या गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत त्या सकाळी मुंगीला शिरायला वाट नव्हती. माणसं माणसांच्या खांद्यांवरून बघत होती, ज्यांना खांदे मिळाले नाहीत ती पिंपांवर चढली होती, आणि ज्यांना पिंपंही मिळाली नाहीत ती पुढच्यांना कोपरानं ढोसत विचारत होती, "काय दिसतंय हो? सांगा की!"

दिसत होतं ते खरोखरच डोळे विस्फारायला लावणारं होतं. फुलांनी मढवलेला चौथरा, चौथऱ्यावर मोठं घंगाळ, आणि घंगाळाच्या वर पुरुषभर उंचीवर एक पितळी तोटी. तिच्यामागं भिंत नव्हती, पाईप नव्हता, वर बांधलेली दोरी नव्हती. तोटी नुसती हवेत होती आणि तिच्यातून मुसळासारखी जाड धार घंगाळात कोसळत होती.

"ही तोटी आभाळाला जोडलेली आहे, भक्तहो!" चौथऱ्याशेजारी उभे असलेले बाबा हात उंचावून गरजत होते. "या पाण्याला मीटर नाही, बिल नाही, वाटेत गळती नाही! यात हात बुडवा, कला हातात उतरेल. सुतारकाम म्हणा, गवंडीकाम म्हणा, नळकाम म्हणा. महिनेच्या महिने वर्गात बाकं कशाला झिजवता? देव काय रोज हजेरी घेतो?"

"नाही घेत!" गर्दी ओरडली. हजेरीचा जाच वस्तीला चांगलाच ठाऊक होता.

बाबांनी स्वतःला लांबलचक नाव लावलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना. वस्तीनं पहिल्याच दिवशी त्यांचं तोटीबाबा करून टाकलं.

सगळ्यांत पुढं बसून काकू डोळे पुसत होत्या. काकू म्हणजे वस्तीतल्या कपडे धुणाऱ्या काकू. जन्म सोड्याच्या पाण्यात गेला, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, पण मन लोण्यासारखं राहिलं. कुठं चांगलं भजन चालू असलं की हातातला पिळा हातातच राहायचा आणि बाई वाटेवर उभी राहून रडायची. देवाचं नाव कुणीही घेतलं की तिला ते आपल्याच घरचं माणूस वाटायचं.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्या दिवसापासून खटकत होती. बाबांचे चेले झांजा फार बडवायचे. ना ताल, ना सूर, आणि कधी थांबणं नाही. पण तिनं ते मनातच ठेवलं. देवाच्या दारात सुरांच्या चुका काय काढायच्या!

आणि तिला देवाकडं मागायचंही होतं. तिचा मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. घरात त्या दोघीच, ती आणि सून. आपल्या हातांचं जे झालं ते या पोरीच्या हातांचं होऊ नये, एवढंच तिचं मागणं. म्हणून गरीब वस्त्यांसाठी सरकारनं या गोदामात नळकामाचा मोफत वर्ग काढला, तेव्हा सुनेचं नाव तिनं स्वतः नेऊन घातलं होतं. "बाईमाणूस नळ बसवणार?" असं शेजारची शिंपीण म्हणाली, तर तिला हिनं ऐकवलं, "पाणी भरतं कोण? मग नळ बाईनं बसवला तर पाणी काय लाजणार आहे?"

पण महिने लोटले आणि सुनेचा जोड गळतच राहिला. दोन पाईप जोडायचे, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची, पान्यानं आवळायचं. बाकीच्यांचे जोड कोरडे ठणठणीत, आणि हिच्या जोडातून टपटप. जेवढं आवळावं तेवढं जास्त. पोरगी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून रडायची.

काकूंनी तिला पुढं केलं. तोटीबाबांनी सुनेचे हात बघितले आणि डोळे मिटले.

"डावखुरी?"

"होय महाराज," काकू म्हणाल्या.

"तरीच! डाव्या हातात कला थांबत नाही, माउली. ओघळून जाते. तो वर्ग सोडवा हिला. पान्याच्या लोखंडानं दोष वाढतोय. रोज इथं आणा."

झालं! काकूंना इतक्या महिन्यांचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या एकट्याच नव्हत्या. एका आठवड्यात गोदामातली बाकं रिकामी आणि चौथऱ्यासमोर रांग. रांगेतला प्रत्येक जण दक्षिणा ठेवूनच हात बुडवायचा.

वर्गाचे सर एके दुपारी घरी आले. सडपातळ माणूस, खिशात कायम पाना, म्हणून पोरं त्यांना पानासर म्हणायची. ते उंबऱ्यातूनच बोलले, "काकू, सोमवारी वरून साहेब येणार आहेत. बाकं रिकामी दिसली तर वर्ग उचलून दुसऱ्या वस्तीला नेतील. मग तो इथं परत येणार नाही. सुनेला पाठवा."

"तिच्या हातातच दोष आहे म्हणतात, सर."

"कोण म्हणतं?"

"महाराज."

"महाराजांनी कधी पाईप हातात धरलाय का?" असं म्हणून सर निघून गेले. या प्रश्नाचं उत्तर किती मजेशीर निघणार आहे, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी कपडे धूत होत्या. नळाखालचा टप भरत होता. काकू बोलण्याच्या नादात, आणि टप भरून पाणी पायांशी आलं.

"अगं बंद कर, बंद कर!"

सुनेनं नळ बंद केला आणि ती तशीच टपाकडं बघत राहिली. "आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"आपला एवढासा नळ, तरी टप बघता बघता वाहिला. बाबांची धार मुसळाएवढी, दिवसभर चालू. मग त्यांचं घंगाळ कसं वाहत नाही?"

काकूंच्या हातातला साबण थांबला. जन्मभर टप भरणाऱ्या बाईला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि आता पडला तो खडा होऊन पडला.

"देवाचं पाणी ते. त्याला माप असतं."

"आणि वीज गेली की बाबा पडदा ओढून ध्यानाला का बसतात? आई, मला वाटतं आत मोटार आहे. खालचंच पाणी वर जातंय."

"जीभ आवर! देवाची परीक्षा घ्यायची नसते."

"देवाची कोण घेतंय? आपण तोटीची घेऊ." सून जवळ सरकली. "खाली घंगाळात रंग टाकायचा. पाणी आभाळातून येत असेल तर वरून स्वच्छच येईल. आणि खालचंच वर जात असेल तर रंगीत येईल. तिसरं काही होऊ शकत नाही."

काकूंनी साबण टपाच्या काठावर ठेवला. मग म्हणाल्या, "आणि स्वच्छ आलं तर?"

सून म्हणाली, "तर वर्ग सोडला. परत नाव काढणार नाही."

"बघ हं."

"बघितलं."

"मग रंग मी टाकणार," काकू म्हणाल्या. "खरा देव असेल तर त्याला माझ्या हातचं वावडं नाही. आणि खोटा असेल तर..." त्यांनी टपातला कपडा उचलून करकचून पिळला.

दुसऱ्या सकाळी हात बुडवण्याच्या रांगेत काकू पहिल्या. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. मुठींत काय, तर कपड्यांना घालायची कोरडी नीळ.

"या माउली!" बाबा प्रसन्न हसले. "निःशंक मनानं बुडवा!"

काकूंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि कोपरापर्यंत हात घातले. घंगाळात निळे ढग पसरले. काकूंनी डोळे उघडले ते थेट तोटीवर. धार स्वच्छ होती. एक श्वास गेला, तरी स्वच्छच. सुनेचा चेहरा उतरला. मग धारेत एक फिकट रेघ आली, रेघेची धार झाली, आणि तोटीतून शाईसारखं निळंशार पाणी कोसळायला लागलं.

"अगं बाई!" शिंपीण किंचाळली. "आभाळ उतरलं! आभाळाचाच रंग बघा!"

लोकांनी धडाधड हात जोडले. बाबा क्षणभर गडबडले होते, पण धंद्यात मुरलेला माणूस तो. लगेच गरजले, "होय! भक्तीनं आभाळ विरघळलं! हे अमृत आहे, अमृत!" आणि विश्वास बसावा म्हणून ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. ओठ निळे झाले, दाढी निळी झाली.

"अहो अमृत कसलं, नीळ आहे ती!" काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी निळे हात सगळ्यांना दाखवले. "माझी नीळ. कोपऱ्यावरच्या दुकानातली."

बाबांचा आवाज चढला. "बाई, तू पाणी विटाळलंस! पाप लागेल!"

"लागू दे. पण महाराज, मी टाकली ती खाली. मग ती वर कशी चढली?"

झांजवाला चेला तोंड उघडं टाकून काकूंच्या हातांकडं बघत होता आणि झांजा बडवायचं विसरला होता. त्या शांततेत घंगाळाखालून आवाज आला, घर्रर्र.

सून पुढं झाली. तिनं चौथऱ्यावरची फुलं बाजूला सारली, तर खाली वायर. वायरचा प्लग ओढला, आणि आभाळाचं पाणी फटकन बंद पडलं. धार ओसरली तशी तिच्या पोटातली काचेसारखी पारदर्शक नळी उघडी पडली. घंगाळातून उभी राहिलेली, आणि तिच्या टोकावर तोटी, काठीवर टोपी ठेवावी तशी.

"बघा," सून म्हणाली. "मोटार खालचं पाणी या नळीतून वर ढकलते. ते तोटीत आपटतं आणि नळीच्या बाहेरून परत खाली येतं. बाहेरच्या पाण्यानं आतली नळी झाकली जाते. तेच पाणी फिरतंय, म्हणून घंगाळ कधी वाहत नाही."

आधी एक जण हसला, मग दहा जण हसले, आणि मग बाबांची निळी दाढी बघून सगळं मैदान हसायला लागलं. काही जणांनी बाह्याही सरसावल्या. "हात लावू नका," काकूंनी दरडावलं. "पोलिसांना बोलवा. आणि तोवर ज्याचं जे घेतलंय ते त्याला परत करू दे."

गोंधळ ऐकून पानासर गोदामातून आले होते. ते गुडघ्यावर बसून घंगाळाखाली, चौथऱ्याच्या पोकळीत बसवलेली मोटार निरखत होते. त्यांनी नळी आणि मोटार जोडलेल्या जागी बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. कोरडं.

"वा! थेंब नाही. जोड कुणी बसवला?"

निळ्या दाढीतून नकळत अभिमान निसटला. "मीच."

"कुठं शिकलात?"

बाबा खाली बघायला लागले. "असाच... सरकारी वर्ग होता. आमच्याकडचा."

"आणि पहिला जोड? गळला नव्हता?"

"विचारू नका, सर. हातांना फोड आले होते."

आता मात्र काकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या गर्दीकडं वळल्या.

"ऐकलंत ना? याच्या हातात कला आली ती फोड येऊन आली. आणि आपल्याला सांगतो, बुडवा आणि घ्या! मी देव मानते, मरेपर्यंत मानणार. पण कुणी देवाच्या नावावर काही दाखवलं, तर वर बघून हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा, पाणी येतंय कुठून. मी वाकले नाही. माझ्या पोरीचा वर्ग मीच बुडवत होते. देवानं डोकं दिलंय ते नुसतं टेकवायला नाही दिलं हो!"

सोमवारी साहेब आले तेव्हा बाकांवर जागा पुरेना. वर्ग राहिला. त्यांच्यासमोर सुनेनं जोड बसवला, सरांनी दाबानं पाणी सोडलं, आणि खिडकीला लटकलेल्या बायकांनी श्वास रोखले.

टप्. एक थेंब. मग दुसरा.

"गळला की गं!" शिंपीण हळहळली.

सून या वेळी रडली नाही आणि तिनं पान्यानं जास्त आवळलंही नाही. जोड उघडून तिनं आटे उजेडात धरले. टेपचा चोळामोळा होऊन ती आट्यांच्या बाहेर आली होती. तिनं टेपचं भेंडोळं आपल्या डाव्या हातात घेऊन हवेतच एक वेढा काढून बघितला, आणि तिचा चेहरा उजळला. "सर, मी डाव्या हातानं गुंडाळते ना, म्हणून माझा वेढा उलटा पडतो! जोड फिरवला की टेप सुटून येते. ज्या बाजूनं आवळायचं त्याच बाजूनं गुंडाळायला हवी."

"मग गुंडाळ," सर म्हणाले.

"म्हणजे हाताला दोष नव्हताच?" शिंपिणीनं खिडकीतून विचारलं. "पण बाई, एवढे महिने गेले आणि अजून गळतोच. मग शिकली काय ही?"

"का गळतो ते शोधायला शिकली," काकू म्हणाल्या. "आता सरक बाजूला, मला दिसू दे."