ढब्बूची चिप

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आम्ही आमच्या कुत्र्याला, ढब्बूलाही, परदेशी नेलं. तिथल्या विमानतळावर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं. ते वाजलंच नाही.

"कातडीखाली ओळखीची चिप नसेल, तर कुत्रा परत पाठवावा लागेल."

लेक ढब्बूच्या गळ्यात पडून रडू लागली.

"अरे, टोचली होती ना?" मी नवऱ्याला विचारलं.

"तूच तर धरलं होतंस त्याला!" नवरा म्हणाला.

मग आठवलं. आंघोळ घालताना त्याच्या पुढच्या पायापाशी तांदळाएवढं काहीतरी हाताला लागायचं. मी गाठ समजून घाबरायचे, नवरा वेड्यात काढायचा.

"इथे बघा," मी ढब्बूचा पाय पुढे करत म्हटलं.

यंत्र वाजलं.

"सरकते कधीकधी," बाई हसल्या.

"आणि परत जाताना आणखी सरकली तर?" मी विचारलं.