सावळेरामाचा पेशा

दिवाळीच्या सुट्टीत आदेश पुण्याहून डिंगोऱ्याला आला तो एक खेळ घेऊनच. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी हाती लागलेल्या परदेशी पुस्तकाची झेरॉक्स, आणि तिच्यासोबत वीस बाजूंचा एक फासा. सहा बाजूंत सगळं जग भागवतंय, तिथे या फाशाला वीस कशाला, हे पप्पूला काही कळेना. तरी फासा त्याने दिवसभर मुठीतून सोडला नाही.

खेळ पप्पूच्याच ओसरीवर बसला. स्वतः आदेश, त्याची डी.एड. करणारी बहीण अक्षदा, घरमालक पप्पू आणि पप्पूचा शाळेपासूनचा दोस्त राघू. राघू विजेच्या कामाच्या ठेकेदाराकडे वायरमन होता. पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागे चालणाऱ्या घरातला हा पहिलाच गडी, जो खांबावर चढला. बापाने उरलीसुरली मेंढरं विकून पाच वर्षं झाली होती.

"पट न्हाई, सोंगट्या न्हाईत, मग खेळायचं काय?" राघूने विचारलं.

"बोलायचं," आदेश म्हणाला. "मी सांगणार, समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. तुमचा माणूस काय करतो ते तुमी सांगायचं. जमलं का फसलं, ते फासा सांगणार. पण आधी आपापला माणूस तयार करा. कागदावर त्याचं नाव लिहा, आणि खाली त्याचा पेशा."

पेशे त्याने वाचून दाखवले. लढवय्या, मांत्रिक, पुजारी, वाटाड्या, चोर. लढवय्या पप्पूने लगेच पटकावला आणि त्याला आपल्या आजोबांचं नाव देऊन टाकलं, भिमाजी. अक्षदाने मांत्रिक घेतला. तिला माणसांचे बेडूक करायचे होते, आणि कुणाकुणाचे ते तिचं आधीच ठरलेलं दिसत होतं. पप्पूने आजा घेतला म्हणून राघूनेही आपला आजा घेतला. 'सावळेराम' असं त्याने ठळक अक्षरात लिहिलं आणि पेशाच्या रकान्यापाशी त्याची पेन्सिल अडली.

आता खरं तर यात अडण्यासारखं काय होतं? पण राघूचा जन्म फॉर्म भरण्यात गेलेला. जातीचा दाखला, रेशनकार्ड, ठेकेदाराचं हजेरीपत्रक. रकान्यात खोटं लिहिलं की कागद खिडकीतून परत येतो, एवढं शिक्षण त्याला पक्कं मिळालेलं. "काय पण लिही, खेळ आहे," असं आदेश दोनदा म्हणाला. पण आज्याचं नाव लिहून बसल्यावर काय पण कसं लिहायचं?

"मला विचारशील तर चोर सगळ्यात भारी," आदेश म्हणाला. "कुलपं उघडतो, सापळे ओळखतो. मी कायम चोरच घेतो."

"मग ह्याच्या आज्याला त्येच लिवा की," पप्पू हसत म्हणाला. "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरातनं ज्वारीचं पोतं न्हेलं व्हतं त्यानं. गावाला म्हाईत हाये."

पप्पूच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. शाळेत, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत तो हे असंच म्हणत आलेला, आणि राघूही दर वेळी हसत आलेला. आज मात्र त्याला हसू येईना. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती, कारण ही गोष्ट खरी की खोटी हे त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

"उद्या लिवतो," म्हणून तो उठला.

घरी त्याचा बाप हौशीराम शेळीला पाला टाकत होता. "दादा, आजा कोण व्हता?" राघूने विचारलं.

"कोण म्हंजी? माजा बाप."

"तसं न्हाई. लढणारा व्हता का?"

"मग! नुसत्या काठीनं लांडगा मारला व्हता." राघूने मनात लढवय्या धरला. "सापाचा मंतर बी यायचा त्याला," हौशीराम म्हणाला. झाला मांत्रिक. मग कळलं की जत्रेत त्याच्या अंगात वारं यायचं आणि लोक त्याच्या पाया पडायचे. कोकणात उतरायच्या वाटाही म्हणे त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या. एका माणसात चार पेशे भरले. राघूचं डोकं गरगरलं.

"आन् चोर?"

हौशीरामाचा हात थांबला. "त्या साली आमी चार दिस उपाशी व्हतो. पाचव्या दिशी भाकर खाल्ली. कुठनं आली त्ये म्या इचारलं न्हाई. तू बी इचारू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पू दूध घालायला डेअरीवर गेलेला पाहून राघू त्याच्या घरी गेला. पप्पूची आजी साळुबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. राघूने उभ्या उभ्याच विचारून टाकलं. म्हातारीने आधी आत कोणी नाही ना ते पाहिलं.

"तुज्या आज्याची मेंढरं दरसाल आमच्या रानात बसायची," ती म्हणाली. "त्या लेंडीखतावर आमची ज्वारी उभी ऱ्हायची, आन् बदल्यात त्याला दाणं. त्या साली मेंढरं मेली. आमचं मालक म्हनलं, मेंढरं न्हाईत तर दाणं कशाचं? मग म्या मागल्या दारानं पोतं काढलं आन् त्याच्या डोईवर दिलं. कुणीतरी त्याला जाताना बघितलं. चावडीवर उभा केला त्याला. म्हनला, व्हय, म्याच उचललं. माजं नाव घेतलं न्हाई."

"आन् तुमी?"

"म्या गप." तिने पुढची शेंग फोडली.

"मग आता म्या काय करू, आजी?"

"तुजं तू बघ."

राघू त्या दिवशी खांबावर चढला खरा, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. ठेकेदाराने दोनदा आईमाईवरून उद्धार केला. खरं सांगावं तर आज्याच्या नावावरचा डाग जातो, पण तो म्हातारीवर बसतो, आणि तोही तिच्या नातवादेखत. जे आज्याने भर चावडीत झाकलं, ते उघडणारा मी कोण? आणि मुळात ही चोरी म्हणायची का? ज्वारी भिमाजीची होती, पण ती खुरपायला साळुबाईच वाकली होती ना? आणि खत तर सावळेरामाचं. विचार करावा तेवढा गुंता वाढत गेला. शेवटी त्याने ठरवलं की म्हातारीला जपायचं.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा पप्पू ओशाळून म्हणाला, "राघू, काल जरा जास्तच बोललो राव. अक्षदानं लई झापला मला. तू मांत्रिक लिव, न्हाईतर काय बी लिव."

राघूने कागद ओढला आणि रकान्यात 'चोर' लिहिलं.

पप्पू बघतच राहिला. आदेश मात्र खूश झाला. "आता बघा मजा!" म्हणून त्याने गुहा सुरू केली. आत लोखंडी दार, दाराला कुलूप. सावळेराम पुढे झाला, राघूने फासा टाकला, एकोणीस आले. कुलूप उघडलं. पप्पूने राघूच्या पाठीत थाप मारली आणि अक्षदा टाळ्या पिटू लागली. त्या गलक्यात साळुबाई चिवड्याची ताटली घेऊन बाहेर आली.

"काय झालं रं?"

"राघूच्या चोरानं कुलूप उघडलं, आजी."

"कोन चोर?"

"सावळेराम," पप्पू बोलून गेला.

साळुबाईने राघूकडे पाहिलं. तिचा जीव भांड्यात पडला असेल, असं राघूला वाटलं होतं. तिचा चेहरा तर उतरलेला होता.

"अजून चोरच लिवलंस?" ती म्हणाली. "म्या सांगितलं तरी?"

म्हातारीने ताटली खाली ठेवली आणि सकाळी जे दबक्या आवाजात सांगितलं होतं तेच सगळं नातवासमोर, मोठ्याने, पहिल्यापासून सांगितलं. पप्पू एकदा आजीकडे आणि एकदा राघूकडे बघत होता. मग त्याने राघूचा कागद स्वतःपुढे घेतला, अक्षदाकडून खोडरबर मागितला आणि तो शब्द खोडायला लागला. खोडता खोडता कागद फाटला तरी तो खोडतच होता.

"त्याचं खोडलंस, ब्येस केलंस," साळुबाई म्हणाली. मग तिने आदेशला विचारलं, "आन् तीस वरीस जी गप बसली, तिला तुमच्या पुस्तकात काय म्हनत्यात?"

आदेशने खरोखरच झेरॉक्स उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेला, आणि पुन्हा पहिल्यावर आला. साळुबाई खांबाला टेकून बसली आणि तो काय सांगतो याची वाट बघत राहिली.