पहिल्या पानावरचा कोयता

सहाशे बारा फोटोंमधून निशिगंधाने दोनशे सतरा क्रमांकाचा फोटो निवडला, तो अगदी पारखून. नऊ मैत्रिणींना तिने वेगवेगळे फोटो तीन-तीन सेकंद दाखवले आणि नंतर काय आठवतंय ते विचारून वहीत टिपलं. आठ जणींना दोनशे सतराच आठवला. उसाच्या फडाच्या कडेला एका माणसाने कोयता डोक्यावर उचललाय, खाली चिखलात दुसरा पडलाय, पडलेल्याचा उजवा हात तोंडावर आडवा आलाय. मारामारीचे बाकीचे फोटो तिला खोटे वाटले होते. कुठे मारणारा हसू दाबत होता, कुठे मार खाणारा घाव बसायच्या आधीच डोळे मिटून तयार. या फोटोत मात्र कुणी नाटक करत नव्हतं. अभिनय असावा तर असा, असं मनाशी म्हणत तिने खाली ओळ लिहिली: ‘चौथा बांध’ या आमच्या चित्रपटातील मारामारीचा प्रसंग.

साल दोन हजार चार. निशिगंधा भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली, वर सहा महिने वेबसाइट बनवायला शिकलेली. कसबा बावड्यात एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत ‘माळरान चित्र’ नावाची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन माणसं. दिग्दर्शक कृष्णात, बावड्यातल्याच शेतकऱ्याचा मुलगा. आणि आवाजाचं काम बघणारा सुगत, शिरोळकडचा. त्यांचा पहिला सिनेमा तयार होता, पण थेटर मिळत नव्हतं. मुंबईत ज्याच्या-त्याच्या दारात गेलं की पहिला प्रश्न यायचा, “तुमची साइट आहे का?”

“साइटवर आलेल्या माणसाने काय करावं असं तुम्हाला वाटतं?” निशिगंधाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“थांबावं,” कृष्णात म्हणाला. “एवढं केलंस तरी तुझे पाय धुवून पाणी पितो.”

थांबवायचं तर पान लवकर उघडायला हवं. फोनच्या लाइनवरून येणाऱ्या इंटरनेटचा वेग तिने मोजला आणि फोटो हलका करायचं ठरवलं. फोटोची उजवी बाजू नुसतीच चिखलाची आणि कसल्यातरी काळ्या वस्तूची होती. ती तिने कापून टाकली. साइट सुरू झाली, त्याला आता नऊ दिवस झाले होते. कृष्णात मुंबईहून त्याच सकाळी परतला होता, दोघांनी एकदमच बघायचं म्हणून सुगतही तोवर थांबला होता, आणि दुपारी तिने दोघांना साइट दाखवायला बसवलं.

पान वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उघडू लागलं. आधी आभाळ. मग कोयत्याचं पातं. मग तो धरलेली मूठ, मग मारणाऱ्याचा चेहरा. कृष्णात ताडकन उभा राहिला. सुगत बसूनच होता. चिखलातला माणूस पडद्यावर उतरेपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, “ह्यो कुठनं घेतलास, निशा?”

“शूटिंगच्या फोटोंच्या सीडीवर होता. का? यातला अभिनय...”

“खाली पडल्याला मी हाय.”

त्याने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा होता, तर्जनी होती. पुढची तीन बोटं मुळापासून नव्हती. महिनाभर ती त्याच्या शेजारी बसून काम करत होती आणि तो हात तिने इतका जवळून कधी बघितला नव्हता. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, तेव्हा कृष्णात म्हणाला होता, शूटिंगला अपघात झाला.

“तसंच सांगायची सवय लागली गं,” कृष्णात आता भिंतीकडे बघत म्हणाला. “त्या फडात मीच न्हेलतं ह्याला.”

मग सुगतने सांगितलं. सिनेमा होता बांधावरच्या वाटेचा. बौद्ध वस्तीची रानाकडे जायची वाट एक बडा शेतकरी अडवतो, अशी गोष्ट. शूटिंगला फड मिळाला हंबीररावांचा, तेही तसेच बडे शेतकरी. सकाळी त्यांचेच गडी मारामारीच्या प्रसंगात घेतले होते, पुठ्ठ्याचे कोयते चंदेरी कागद लावून त्यांच्या हातात दिले होते. हंबीररावांचा पुतण्या धैर्यशील सगळ्यांच्या पुढे. पोरांनी हसून हसून लोळण घेतली, चार वेळा रिटेक झाला, सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. दुपारी कुणीतरी हंबीररावांना सांगितलं की गोष्टीत शेवटी वाट मोकळी होते, आणि माइक धरून उभा राहिलेला पोरगा तसल्याच वस्तीतला आहे.

“तीच माणसं परत आली,” सुगत म्हणाला. “तेच कपडे. माझ्या कानावर हेडफोन. कृष्णात वरडलेला मला ऐकूच आला न्हाई. पाचटावर पळणारे पाय तेवढे ऐकू आले, माइकातनं, लई मोठ्यानं. मला वाटलं रिहर्सल करालेत. मी काठी तशीच धरून हुबा. पहिला घाव माइकाच्या काठीवर बसला. दुसऱ्याला मी हात आडवा घातला.”

“आणि फोटो?”

“कंटिन्युइटी, म्हंजे शॉटागणिक कपडं-सामान जुळतंय का ते बघणारी श्रुती. शॉटच्या आधी एक, नंतर एक, अशी तिला सवय. रडत रडत बटण दाबत हुती.”

बोटं चिखलात शोधावी लागली. दोन सापडली. कृष्णातने ती रुमालात बांधून, मोटारसायकलवर सुगतला मागे बसवून, रक्ताची धार रस्त्यावर सांडत दवाखाना गाठला. डॉक्टरने रुमाल उघडला आणि पुन्हा बांधून ठेवला. पोलिसांच्या कागदावर आलं: शूटिंग चालू असताना कोयता निसटून अपघात. आठ महिने हेलपाटे घातल्यावर तक्रार उभी राहिली. येत्या मंगळवारी कोर्टात तारीख होती. समोरच्यांचं म्हणणं एकच होतं: आम्ही यांच्या सिनेमात मारामारी करत होतो, कोयता निसटला.

“आन् आता आमचीच साइट सांगती, मारामारीचा प्रसंग,” सुगत म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून निशिगंधाला जास्त लागलं.

तिने मूळ फोटो उघडला. तिने कापलेल्या उजव्या बाजूला ती काळी वस्तू होती. तिने ती मोठी करून बघितली. शूटिंगचा कॅमेरा. काच चिखलात रुतलेली, पट्टा कुणाच्या तरी पायाखाली. प्रसंग चालू असता तर चित्रीकरण कोण करत होतं? एका फोटोत सगळं होतं, आणि पान लवकर उघडावं म्हणून तिने नेमकं तेच छाटलं होतं.

“आत्ता बदलते,” ती म्हणाली आणि लाइन जोडायला घेतली. फोन एंगेज लागला. पुन्हा जोडला. तेवढ्यात लोखंडी जिन्यावर पावलं वाजली.

पहिला आत आला त्याला तिने लगेच ओळखलं. नऊ दिवस ती त्याचाच चेहरा पहिल्या पानावर बघत होती. मागे दोघे, एकाच्या हातात हॉकी स्टिक. तिसऱ्याने दार लावून कडी घातली.

“नमस्कार, मॅडम,” धैर्यशील म्हणाला. त्याच्या हातात त्याच पानाची रंगीत प्रिंट होती. “साइट तुमीच बनवली न्हवं? आमचं वकील तर उड्याच माराय लागले की.”

“ते चुकून लिहिलंय. मी बदलतेय.”

“चुकून? अवो, एवढं झ्याक जमलंय, बदलताय कशाला? मंगळवारपतूर ऱ्हाऊ दे. आन् फोटूची सीडी द्या.”

“धैर्यशील, जिना उतर,” कृष्णात म्हणाला.

“पावणं, तुमाला इचारलं कुणी?”

हॉकी स्टिक कृष्णातच्या गुडघ्यावर बसली. तो वाकला तसा दुसरा फटका तोंडावर आला. त्याने हाताने तोंड धरलं, तर बोटांच्या फटीतून रक्त आलं आणि एक दात टपकन फरशीवर पडला. तो उठू लागला, तेव्हा बरगडीत लाथ बसली. खाली वेल्डिंगचं मशीन करकरत होतं. वरचं कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

दुसऱ्याने सुगतला मानेला धरून लोखंडी कपाटापाशी नेलं आणि त्याचा डावा हात दाराच्या फटीत घातला. धैर्यशीलने कपाटाच्या दारावर खांदा टेकला.

“एक हात शूटिंगमदी गेला,” तो म्हणाला, “दुसरा साइट बनवताना गेला म्हणून लिवा. फोटू झ्याक निघंल.”

त्याने भार टाकला. सुगतने दात आवळले. पहिलं बोट मोडल्याचा आवाज बारीक होता, ओली काटकी मोडावी तसा. मग तो ओरडला. निशिगंधाने कुणाही माणसाला असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

“सीडी, मॅडम.”

सीडी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. ती दिली असती तर दार सुटलं असतं, हे तिला कळत होतं. खिडकीपाशी कॅमेऱ्याचा स्टँड मिटून उभा होता, हेही दिसत होतं. ॲल्युमिनियमचा, चारेक किलोचा, सगळं वजन डोक्याकडे. हॉकीवाला कृष्णातला फरशीवर दाबून होता, दुसऱ्याचे हात सुगतला धरण्यात अडकले होते. तिने तो स्टँड पायांकडून धरला. लांब टोकाला वजन असलं की फटका किती जोराचा बसतो, याची गणितं तिने बी.एस्सी.ला पानंच्या पानं सोडवली होती. अंगाला ते आज पहिल्यांदा कळत होतं.

पहिला फटका धैर्यशीलच्या मनगटावर बसला. हाड मोडलं आणि त्याचा धक्का तिच्या कोपरापर्यंत आला. दार सुटलं. दुसरा खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यावर खाली आला. त्याने चांगला हात वर केला, “अवो, अवो” असं काहीतरी म्हणाला. तिसरा फटका मारायची गरज नव्हती. तिने मारला. तो कानशिलाच्या वर बसला आणि धैर्यशील फरशीवर आडवा झाला. चौथ्यासाठी तिचे हात वर गेले होते, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज येत होता तो आपला आहे हे तिला कळलं, आणि तिने स्टँड खाली टाकला.

खालचं मशीन मधेच थांबलं होतं आणि तो आवाज खाली गेला होता. वेल्डिंगवाले सळया घेऊन वर आले. दार फुटलं, तसे उरलेले दोघे त्यांना ढकलून जिन्यावरून पळाले.

संध्याकाळी पाचला निशिगंधा आणि सुगत चौकीत होते. कृष्णात आणि धैर्यशील दवाखान्यात. दोघेही वाचणार होते. सुगतच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. समोरच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले हंबीरराव मांडी घालून बसले होते. फौजदारांनी कागद आधीच लिहून ठेवला होता.

“वाच,” ते निशिगंधाला म्हणाले. “जुन्या वळखीतनं बोलाचाली झाली, कपाटाचं दार लागलं, कॅमेऱ्याचा स्टँड निसटून पडला. सही कर आन् घरी जा.”

“पोरीची जात,” हंबीरराव म्हणाले. “कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवतीस? तकडं कोयता निसटला, हितं स्टँड निसटला. फिट्टंफाट. मंगळवारचं बी तुमी मागं घ्या, आमचं बी काय म्हणणं न्हाई.”

निशिगंधाने सुगतकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

“सही कर, निशा,” तो म्हणाला. “तुझ्या हातनं डोकं फुटलंय त्याचं. नोकरी न्हाई लागायची तुला. माझी बोटं काय परत येनार हाईत व्हय?”

तिने कागद दोनदा वाचला. त्यात एकही वाक्य असं नव्हतं, ज्यात कुणी काही केलं होतं. दार आपोआप लागलं होतं, स्टँड आपोआप पडला होता. सही केली तर ती आज घरी जाणार होती, आणि कोयताही आपोआप निसटणार होता, कायमचा.

तिने कागद फौजदारांच्या पुढ्यात सरकवला. “असं झालं नाही. मी मारलं. तीन वेळा.”

“अगं...” सुगत म्हणाला.

“पहिला मनगटावर. यांचा हात सोडवायला. दुसरा खांद्यावर. तिसरा तो खाली बसल्यावर, डोक्यात. आणि साइटवर फोटोखाली जे लिहिलं ते मी लिहिलं, ते चूक आहे. तेही यात घ्या. फोटो अर्धा मीच कापला.”

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. ते वयस्कर होते, आणि वैतागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर आता नवलच जास्त होतं. “पहिल्या दोन्हीवर सुटशील, बाई. तिसरा कशापायी सांगतीस?”

“घडला म्हणून.”

“आत जाशील, पोरी,” हंबीरराव उठत म्हणाले.

“किती दिवस?” तिने फौजदारांना विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती. फौजदारांनी आधी लिहिलेला कागद उभा-आडवा फाडला, तीन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातले आणि म्हणाले, “दमानं सांग. पयल्यापासनं.”

तिने सांगितलं. पाऊण तास लागला. हंबीरराव मधेच निघून गेले, बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. शेवटी फौजदारांनी जबाब वाचून दाखवला आणि तिने तिन्ही कागदांवर सही केली. मग सुगतचा जबाब झाला.

सहीची वेळ आली तेव्हा फौजदारांनी पेन पुढे केलं आणि मागे घेतलं. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्याच्या दोन बोटांत पेन धरून लिहायला सुगत अजून शिकला नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढलं.

“आमच्या आज्यापतूर आंगठा हुता,” सुगत म्हणाला. “बाबापासनं सही. मी सायबर कॅफेतनं पोरांचं फॉर्म भरून देत हुतो, सायेब.”

फौजदारांनी पॅड पुढे सरकवलं. निशिगंधाने उठून त्याचा उजवा हात हलू नये म्हणून मनगटाशी धरला. सुगतने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला, डावीकडून उजवीकडे, पुरा, एकही रेघ सुटू न देता.