नकाशा पानाच्या तळाशी

आधीच सांगते, नकाशा मी काढून टाकला नव्हता. खाली सरकवला होता, इतकंच. हे वाक्य मी इतक्यांदा घोकलंय की आता माझी मीच माझ्या डोक्यात जाते.

आमच्या संस्थेची हवामानबदलावर वेबसाईट आहे. लोकांनी आधी काय वाचायचं, कुठलं बटण दाबायचं, ते मी ठरवते. पूर्वी साईट उघडली की पहिला नकाशाच यायचा. आपली गल्ली टाका, मोठा पाऊस झाला तर तिथे किती पाणी चढेल ते बघा. लोक गल्ली टाकायचे, लाल रंग बघायचे आणि नऊ सेकंदांत पळ काढायचे. आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडम वैतागल्या. "अहो, माणसांना घाबरवून पिटाळताय काय? जरा गोड लिहा की!"

लिहिलं गोड. वर सोपी कोडी आणि 'मी एक झाड लावीन' असं बटण, दाबलं की पडद्यावर रंगीत कागद उडायचे. नकाशा गेला पार तळाशी, आमच्या फोन नंबराच्या जरा वर. तिथपर्यंत शंभरातली दोन माणसं पोचायची. आकडे मीच काढले होते. पण लोक चार-चार मिनिटं थांबायला लागले, आणि मॅडमनी ऑफिसात केक कापला.

केक कापत होते तेव्हाच दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ, सुतारकाम करतो, ओढ्याकडेच्या गल्लीत तळमजल्यावर राहतो. अण्णा, आमचे वडील, त्याच्याकडेच. अर्धांगवायूनंतर त्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागायचा. दादाला दुसऱ्या मजल्यावरची जागा मिळत होती, पण अण्णा हटून बसले होते. "मला काय गाठोड्यासारखा जिन्यावरून नेणार?"

"चिमे, तुझी साईट बघितली," दादा म्हणाला. "झकास आहे गं! झाड लावीन म्हणून बसलोय, आता लावावं लागणार. पाण्याबिण्याचं काही दिसलं नाही. म्हटलं, एवढा धोका असता तर हिने पहिलं तेच लिहिलं असतं. वरच्या जागेला नाही म्हणून कळवून टाकलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. दादा, खाली जा, अजून खाली, तुझी गल्ली गडद लाल आहे, छातीएवढं पाणी चढेल. दोन वाक्यांचं काम. पण मॅडम हाका मारत होत्या, आणि खरं सांगायचं तर दादाने केलेलं कौतुक मला फार आवडलं होतं. रविवारी जाऊन सांगू, म्हटलं. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी वाटलं, कशाला उगाच त्यांच्या जिवाला घोर.

पाणी दुपारी आलं, जेवणं झाल्यावर. दादा कामावर, घरात वहिनी एकटी. तिने अण्णांना काखेत धरून पलंगावरून ओढलं, दारापर्यंत आणलं. तिथे ते तिच्या हातातून सुटले. कसे सुटले, ते ती अजून येईल त्याला हात पुढे करून दाखवते. बघवत नाही हो.

त्या दिवशी आमच्या साईटवर कधी नव्हे एवढी गर्दी होती. मॅडमचा मेसेज आला, 'विक्रम!' मी फोन भिंतीवर फेकून मारला.

पंधरा दिवसांनी दादाकडे गेले. तो जमिनीवर बसून पत्र्याच्या तुकड्याने फरशीवरचा गाळ खरवडत होता. मला बघून उठला, हात पँटला पुसले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"होता गं नकाशा. सगळ्यात खाली. आपली गल्लीसुद्धा आहे त्यात. तू दिला होतास, आणि मी बावळट बटणं दाबत बसलो." त्याने मोबाईल खिशात कोंबला. "अण्णांना मीच मारलं, चिमे."

एवढा मोठा माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सांगायला तोंड उघडलं. आईशप्पथ, उघडलं होतं.

"नीट बघायचं ना रे, दादा," मी म्हणाले.