आधी कात्री खाली

शिवणबाईंचा स्वतःच्या हातावर भलताच विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. घसरणारं रेशीम असो की धुतल्यावर रुसणारं सुती, बाई एकदा म्हणाल्या "येईल वळणावर", की ते यायचंच. त्यामुळे इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तीन आठवडे देतो. कुत्र्याला शिस्त लावा, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा," तेव्हा बाईंनी चष्मा वर सरकवला.

"दोन पुरे होतील, भाऊ. पण तीन घेते. फिनिशिंगला लागतील."

सेक्रेटरींची तक्रार खोटी नव्हती. बॉबिन हा बाईंचा तपकिरी कुत्रा अजून वर्षाचाही नव्हता, पण दिसेल त्याच्या छातीवर दोन पाय ठेवून स्वागत करायची त्याला मोठी हौस. आदल्या दिवशी त्याने सेक्रेटरींचं असं स्वागत केलं, की भाजीची पिशवी जिन्यावरून खाली आणि मागोमाग सेक्रेटरी.

"ही पँट तुम्हीच शिवलेली, वहिनी. बघा काय झालंय."

बाईंनी वाकून गुडघा पाहिला. "कापड फाटलंय. शिलाई जागच्या जागी आहे."

सेक्रेटरींना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. माणूस दुष्ट नव्हता, नियमाचा होता. त्यांनी परीक्षा सांगितली: अंगणात, कमिटीसमोर कुत्र्याने तीन गोष्टी करून दाखवायच्या. बस म्हटल्यावर बसायचं. थांब म्हटल्यावर समोरून कुणी गेलं तरी हलायचं नाही. आणि ये म्हटल्यावर यायचं.

ते गेल्यावर बाईंनी आत पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे बसले होते. त्यांच्या मांडीवर बॉबिनचं डोकं होतं आणि त्या डोक्यावर त्यांचा हात.

"नेतील का गं त्याला?" त्यांनी विचारलं.

"कोण नेतंय, बाबा? माझ्या हातातून?"

गेल्या वर्षी सासरे पडले, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मनातली भीती काही जुळेना. डॉक्टर म्हणायचे चाला, मुलगा फोनवरून म्हणायचा चाला, आणि म्हातारा खुर्चीला चिकटलेला. सहा महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही. मग बॉबिन आला. एका हातात त्याची दोरी आणि दुसऱ्या हातात कठडा धरून सासरे रोज सकाळी अठरा पायऱ्या उतरू लागले. जगाच्या अंगावर उड्या मारणारा तो दांडगट त्यांच्याबरोबर मात्र पायरी-पायरीने थांबत उतरायचा. तो गेला, तर म्हातारा पुन्हा खुर्चीत, आणि या खेपेला कायमचा. हे बाईंना स्वच्छ ठाऊक होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी रीत सांगितली: शब्द एकच, तोही एकदाच, आणि ऐकलं की लगेच खाऊ. बाईंनी उकडलेल्या अंड्याचे तुकडे वाटीत घेतले आणि कटिंगच्या टेबलाशीच शाळा उघडली. दुकान म्हणजे घरातलीच पुढची खोली, म्हणून कामही चालू आणि शिकवणीही चालू. दोन गिऱ्हाइकांच्या मधे धडा, बाही कापून झाली की धडा.

पहिला आठवडा बॉबिनने अंडं खाल्लं आणि बाईंचं डोकं खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात तो बसू लागला. तिसऱ्यात तर "थांब" म्हटल्यावर तो असा थांबायचा, की कापड पोहोचवणारा माणूस त्याला ओलांडून गठ्ठा ठेवून जायचा. खुर्चीतून सासरे सगळं बघत असायचे. बाईंनी सेक्रेटरींना दोन दिवस आधीच निरोप धाडला: "रविवारी सकाळी या. पँट नवी घाला, हरकत नाही."

रविवारी अंगणात कमिटीचे पाच जण आणि फुकटची गंमत बघणारे पंधरा जण जमले. सासऱ्यांना खाली आणणारा बॉबिनच परीक्षेला बसलेला, त्यामुळे ते वर गॅलरीत राहिले. बाई इस्त्रीच्या साडीत, वाटी घेऊन, ऐटीत उभ्या राहिल्या.

"बस."

बॉबिनने शेपूट हलवली.

"बस!"

बॉबिनने आणखी जोरात हलवली. लोकांत खसखस पिकली. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. रोज पन्नास वेळा बसणारा हा गाढव आज उभा का? तिसऱ्यांदा "बस" म्हटल्यावर तो सरळ सेक्रेटरींकडे निघाला, आणि सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, राहू द्या आता," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. सगळे वळून बघू लागले. सासरे दारात आले, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, खांद्याला बाईंची शिवणाच्या सामानाची पिशवी. चेहरा घामाने डबडबलेला. कुणी धरायला पुढे झालं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दगडी बाकाशी येऊन त्यांनी पिशवीतून कटिंगची मोठी कात्री काढली आणि सुनेपुढे धरली.

"हिच्याशिवाय तू कधी शिकवलंस त्याला?"

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंना शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: बोलायचं असेल तर आधी कात्री खाली. बोलता बोलता कापलं की कापड वाया. तीस वर्षं ती सवय हाडात मुरलेली. बॉबिनला काही सांगायच्या आधी प्रत्येक वेळी कात्री टेबलावर टेकली होती, खट्ट करून, आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. दिवसभर गिऱ्हाइकांशी चाललेल्या बाईंच्या टकळीतलं आपल्यासाठी कोणतं, हे त्या बिचाऱ्याला त्या खट्टवरूनच कळत होतं.

बाईंनी कात्री घेतली आणि दगडी बाकावर ठेवली. खट्ट.

बॉबिन जागच्या जागी वळला. कान उभे.

"बस."

बसला.

"थांब."

सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन त्याच्या नाकासमोरून गेले, परत आले, पुन्हा गेले. बॉबिनने फक्त डोळे फिरवले.

"ये."

तो असा धावत आला, की वाटी सांडली आणि सगळं अंडं त्यालाच मिळालं.

टाळ्या थांबल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "पण वहिनी, हा तुमचं कुठे ऐकतो? कात्रीचं ऐकतो."

"मग त्यात काय, भाऊ? मीसुद्धा तीस वर्षं तिचंच ऐकतेय."

सेक्रेटरी मोकळेपणाने हसले आणि वहीत "कुत्रा राहील" असं लिहून त्यांनी खाली सही ठोकली.

गर्दी पांगली. सासरे बाकावर टेकले होते, बॉबिनचं डोकं पुन्हा त्यांच्या मांडीवर. बाई त्यांच्या शेजारी बसल्या, आणि मग एकाएकी त्यांचं लक्ष जिन्याकडे गेलं. अठरा पायऱ्या.

"बाबा, तुम्ही एकटे उतरलात?"

"मग काय करणार?" सासरे कुत्र्याचे कान कुरवाळत म्हणाले. "मला उतरवणारा खाली अडकला होता."